रिपोर्टात 'सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस', आणि आजोबा म्हणतात मला काही होत नाही

लेखक: छातीठोक

तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. आठवड्यातले निम्मे दिवस हातात टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, प्रोब असतो. परवा बायपासच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, 'वॉल्व्ह आकसलाय म्हणजे ब्लॉकेजच ना?' तिथे उत्तर लिहायला घेतलं तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून हा वेगळा धागा.

ब्लॉकेज होतं ते हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत. एऑर्टिक वॉल्व्ह ही डावा खालचा कप्पा आणि महाधमनी यांच्यामधली झडप. मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारं सगळं रक्त हिच्यातूनच बाहेर पडतं. तीन पातळ पाकळ्या, पूर्ण उघडल्या की तीन ते चार चौरस सेंटिमीटरची वाट, आणि दिवसाला लाखभर वेळा उघडझाप. ही वाट अरुंद झाली की त्याला एऑर्टिक स्टेनोसिस म्हणायचं. अँजिओग्राफी स्वच्छ आलेल्या माणसालाही हा आजार असू शकतो. आणि स्टेंट टाकून तो जात नाही, हे दर महिन्याला कुणाला तरी समजावून सांगावं लागतं.

कारणं मुख्यतः तीन. सत्तरीच्या पुढे जे दिसतं ते बहुतेक कॅल्शियम साचण्यामुळे. पूर्वी याला 'झीज' म्हणून मोकळे व्हायचे, पण तेवढं पुरेसं नाही. पाकळीच्या पृष्ठभागाला इजा होते, आत चरबीचे कण शिरतात, सूज येते, आणि मग पाकळीतल्या पेशी चक्क हाडातल्या पेशींसारख्या वागायला लागतात. काढलेला वॉल्व्ह हातात घेतला तर खडखडीत लागतो. ब्लडप्रेशर, धूम्रपान, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, किडनीचा आजार यांनी धोका वाढतो. लायपोप्रोटीन-ए नावाचा एक आनुवंशिक घटक रक्तात जास्त असलेल्यांनाही हा आजार जास्त होतो.

दुसरं कारण जन्मजात. तीनऐवजी दोनच पाकळ्या, म्हणजे बायकस्पिड वॉल्व्ह. शंभरात एक-दोन माणसांना असतो, पुरुषांत जास्त. लिओनार्दो दा विंचीच्या शरीररचनेच्या चित्रांतही दोन पाकळ्यांची झडप सापडते. असा वॉल्व्ह तरुणपणी बिनबोभाट चालतो आणि चाळिशी-पन्नाशीत कडक होतो. आमच्याकडे पन्नाशीतला पेशंट स्टेनोसिस घेऊन आला की आधी पाकळ्या मोजायच्या.

तिसरं संधिवाताचा ताप. लहानपणी घसा सुजतो, स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग होतो, शरीराची प्रतिकारयंत्रणा उलटून स्वतःच्याच वॉल्व्हवर चालून जाते आणि पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात. यात एऑर्टिक सहसा एकटा सापडत नाही, मायट्रल (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला वॉल्व्ह) आधी बिघडलेला असतो. युरोप-अमेरिकेत हे जवळपास पुस्तकात उरलं, आपल्याकडे ओपीडीत अजून दिसतं. ज्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलंय त्यांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून ते सोडू नये.

आता रिपोर्टातले आकडे. बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याची धार जोरात जाते, तसं वाट अरुंद झाली की रक्ताचा वेग वाढतो. इकोत तो डॉपलरने मोजतात. नॉर्मल वेग सेकंदाला मीटर-दीड मीटर. दोन ते तीन म्हणजे माइल्ड, तीन ते चार मॉडरेट, चार आणि त्यावर सिव्हिअर. त्याच्या जोडीला 'मीन ग्रेडियंट' असतो, म्हणजे झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला सरासरी फरक. चाळीस (बीपीसारखेच मिलिमीटर पारा) किंवा जास्त असेल तर सिव्हिअर. वॉल्व्ह एरिया एक चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी, तोही सिव्हिअर. तुमच्या दंडाला बीपी १२० दिसत असतो तेव्हा अशा माणसाच्या हृदयाच्या कप्प्यात १७०-१८० चा दाब असू शकतो. दंडाला लावलेल्या मशीनला त्याचा पत्ता नसतो.

एकदा मॉडरेट झालं की पुढे सरासरीने वर्षाला वेग ०.३ मीटरने वाढतो, ग्रेडियंट सात-आठने, आणि वाट ०.१ चौरस सेंटिमीटरने कमी होते. सरासरीने, हा शब्द महत्त्वाचा. काही जण दहा वर्षं तिथेच असतात, काहींचा दोन वर्षांत निकाल लागतो. म्हणून माइल्डला तीन ते पाच वर्षांनी इको, मॉडरेटला एक-दोन वर्षांनी, सिव्हिअरला सहा महिने ते वर्षाने.

आणि आता ज्यासाठी धागा काढला ते.

या आजाराची तीन लक्षणं: श्रमाने दम, श्रमाने छातीत दुखणं, श्रमाने भोवळ. तिन्हींत 'श्रमाने' आहे. हृदय अनेक वर्षं भिंती जाड करून तो दाब पेलतं, त्यामुळे बसल्याजागी काहीच जाणवत नाही. आणि आपल्याकडची सत्तर-पंचाहत्तरची माणसं श्रम हळूहळू कमी करत जातात. आधी मंडईत जाणं मुलाकडे गेलं, मग वरच्या मजल्यावरची खोली सोडून खाली झोपायला लागले, मग देवळात जाणं फक्त एकादशीला, मग तेही रिक्षाने. दर टप्प्याला घरचे म्हणतात 'वय झालं'. आजोबाही तेच म्हणतात. मग मी विचारतो 'दम लागतो का?' आणि उत्तर येतं, 'छे, अजिबात नाही.' खोटं बोलत नसतात. दम लागेल असं काही ते करतच नाहीत.

म्हणून मी तो प्रश्नच सोडून दिलाय. मी विचारतो, गेल्या दिवाळीत काय करत होतात जे या दिवाळीत केलं नाही? आणि हा प्रश्न शक्यतो आजींना विचारतो. आजी पाच मिनिटांत सगळा इतिहास सांगतात.

हे इतकं लावून धरतोय कारण सिव्हिअर स्टेनोसिसमध्ये लक्षणं सुरू झाली की चित्र फार वेगाने बदलतं. १९६८ मध्ये रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी मांडलेले आकडे अजून शिकवले जातात: वॉल्व्ह न बदलता, छातीत दुखायला लागल्यापासून सरासरी पाच वर्षं, भोवळ यायला लागल्यापासून तीन, हृदय थकून दम लागायला लागल्यापासून दोन. पुष्कळ कॅन्सरही याच्यापेक्षा दमाने घेतात.

औषधाने वॉल्व्ह उघडत नाही. लघवी वाढवणाऱ्या 'पाण्याच्या' गोळीने सूज उतरते, बरं वाटतं, बस्स. उपाय वॉल्व्ह बदलणं हाच: छाती उघडून किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून. त्यावर प्रश्न येतीलच, तेव्हा लिहितो.

---

कोकणकन्या: वाचनखूण साठवली

सोप्या भाषेत लिहिलंत, धन्यवाद डॉक. आईचं वय ७१, रिपोर्टात 'एऑर्टिक स्क्लेरोसिस, नो स्टेनोसिस' असं आहे. कॅल्शियम साचतं म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी तिचं दूध बंद करवलंय आणि हाडांच्या गोळ्या तर तिने स्वतःच कपाटात टाकल्या. बरोबर केलं का?

छातीठोक: दूध चालू करा

कोकणकन्या ताई, स्क्लेरोसिस म्हणजे पाकळ्या थोड्या जाड झाल्यात, पण वाट मोकळी आहे. पासष्टीच्या पुढे साधारण चौघांत एकाला हे सापडतं. त्यातल्या दर वर्षी शंभरात एक-दोघांचंच पुढे स्टेनोसिसमध्ये रूपांतर होतं. बीपी-साखर सांभाळायची आणि काही वर्षांनी परत इको करायचा. घाबरण्यासारखं नाही.

पाकळीत साचणारं कॅल्शियम तिथल्या बिघाडामुळे साचतं. ताटातलं दूध थेट तिकडे जात नाही. दूध सुरू करा. गोळ्यांचं मात्र ज्यांनी दिल्या त्यांना विचारून ठरवा. खरंच हाडं ठिसूळ असतील तर त्या वयात खुबा मोडणं जास्त महागात पडतं, आणि उगाच कुणीतरी टॉनिक म्हणून सुरू केल्या असतील तर त्यांची गरज नसेलही. काकूंना माझा नमस्कार सांगा.

भुलेश्वरी: भूलतज्ज्ञाच्या बाजूने चार शब्द

उत्तम धागा. एक भर घालते, कारण हा आजार पुष्कळदा माझ्या टेबलावर सापडतो.

आजी बाथरूममध्ये पडतात, खुबा मोडतो, ऑपरेशन ठरतं. मी छातीला स्टेथोस्कोप लावते तर जोरदार मर्मर (अरुंद वाटेतून जाणाऱ्या रक्ताचा आवाज), तो थेट मानेपर्यंत ऐकू येतो. मी इको मागते. नातेवाईक वैतागतात, 'पायाचं ऑपरेशन आहे मॅडम, छातीचं कशाला?'

त्यासाठीच सांगते. कमरेतून भूल दिली की पायाकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी उतरतो. नॉर्मल माणसाचं हृदय जास्त रक्त पंप करून भरपाई करतं. अरुंद झडपेमागचं हृदय करू शकत नाही, बाहेर जायची वाटच ठराविक आहे. बीपी उतरला की हृदयाच्या जाड स्नायूलाच रक्त कमी पडतं, मग ते आणखी मंदावतं, बीपी आणखी उतरतो. हे चक्र मिनिटांत होतं. आधी माहीत असेल तर भुलेची पद्धत बदलता येते, औषधं बेतून देता येतात, सतत बीपी दाखवणारी लाइन घालता येते. माहीत असणं हाच निम्मा बचाव.

आणि एक गोष्ट कुणीच विचारत नाही: आजी पडल्या कशा? पाय घसरून, की भोवळ येऊन?

छातीठोक: शंभर टक्के

शेवटची ओळ सगळ्यांनी परत वाचा. आणि बीपी उतरण्याचं जे चक्र सांगितलंत त्याचसाठी घरातली जिभेखालची, रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेटची गोळी माहीत असलेल्या एऑर्टिक स्टेनोसिसच्या पेशंटला स्वतःहून देऊ नका. छातीत दुखतंय म्हणजे अॅटॅक, असं समजून शेजारी प्रेमाने देतात आणि बीपी धाडकन खाली येतो.

निवृत्त_मास्तर: एक विरोधी सूर

डॉक्टरसाहेब, लेख माहितीपूर्ण आहे, पण मी ८३ वर्षांचा आहे. रिपोर्टात सिव्हिअर लिहिलंय. सकाळी अंगणात फिरतो, पेपर वाचतो, नातवाला गणित शिकवतो. या वयात चिरफाड कशाला? आमच्या एका मित्राने शिरेतून देतात ती 'चिलेशन' सुचवली आहे, त्याने म्हणे कॅल्शियम विरघळतं. शिवाय फुग्याने वॉल्व्ह उघडून देतात असंही ऐकलं. तो मध्यममार्ग का नाही?

छातीठोक: मास्तर, सविस्तर उत्तर

चिलेशनने वॉल्व्हवरचं कॅल्शियम विरघळत नाही. रक्तातलं कॅल्शियम मात्र धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. पैसे वाचवा.

फुग्याचा प्रश्न चांगला आहे, कारण या सगळ्या आधुनिक उपचाराची सुरुवात तिथूनच झाली. फ्रान्समधल्या रूआँ शहरात आलँ क्रिबिए नावाच्या डॉक्टरने १९८५ मध्ये शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धांमध्ये फुग्याने हा वॉल्व्ह उघडायला सुरुवात केली. पेशंटना लगेच बरं वाटायचं. जगभर लाट आली. आणि काही महिन्यांत वॉल्व्ह पुन्हा आकसायचा, कारण कडक पाकळ्या दाबून बाजूला केल्या तरी त्या मुळात तशाच राहतात. म्हणून आज फुगा तात्पुरता, फार अस्थिर पेशंटला पुढच्या उपचारापर्यंत नेण्यापुरता वापरतात.

क्रिबिए तिथे थांबला नाही. फुग्यावर स्टेंट, स्टेंटच्या आत जनावराच्या ऊतीपासून शिवलेला वॉल्व्ह, अशी कल्पना. डेन्मार्कमध्ये अँडरसनने १९८९ मध्ये डुकरांवर असाच प्रयोग केला होता. कंपन्यांनी आधी हे वेडेपण ठरवलं. १६ एप्रिल २००२ रोजी रूआँमध्ये क्रिबिएने ५७ वर्षांच्या एका मरणासन्न माणसाला असा वॉल्व्ह बसवला. छाती न उघडता बसवलेला माणसातला तो पहिला एऑर्टिक वॉल्व्ह. यालाच आपण आता टावी म्हणतो, अमेरिकेत टावर. क्रिबिए २०२४ मध्ये गेला.

तेव्हा 'चिरफाड' हा शब्द तुमच्या वयाला आता लागू नाही. जांघेतून नळी, बहुतेकदा पूर्ण भूलही नाही. २०१० मध्ये शस्त्रक्रिया अजिबात न झेपणाऱ्या पेशंटवरच्या 'पार्टनर' नावाच्या अभ्यासात फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी निम्मे वर्षभरात गेले, टावी केलेल्यांपैकी तीस टक्के. म्हणजे टावी करूनही तीस टक्के गेलेच, हेही लपवत नाही. ती माणसं इतर आजारांनी फार खंगलेली होती. तुम्ही नातवाला गणित शिकवताय, तुमची गोष्ट वेगळी.

नको म्हणायचा अधिकार तुमचा पूर्ण आहे. फक्त तो 'मला काहीच होत नाही' यावर उभा असू नये. अंगणातच का फिरता? पूर्वी कुठपर्यंत जात होतात?

निवृत्त_मास्तर:

पूर्वी टेकडीपर्यंत. आपला मुद्दा पोचला. मुलाशी बोलतो.

अटलांटिकपार: सासूबाईंचं टावी

न्यू जर्सीहून लिहितेय. सासूबाई (७९) आमच्याकडे आल्या असताना जिना चढताना भोवळ येऊन पडल्या, तेव्हा हे निघालं. पर्यटकांचा विमा होता, कंपनीने 'आधीपासूनचा आजार' म्हणून हात वर केले. त्यावर वेगळा धागा काढेन. शेवटी पुण्यात येऊन टावी केलं.

अनुभवाने सांगते. आधी सीटी स्कॅन होतो. त्यात वॉल्व्हचं माप, जांघेच्या रक्तवाहिन्यांची रुंदी, हृदयाच्या धमन्यांची तोंडं वॉल्व्हपासून किती उंचीवर आहेत हे सगळं मोजतात. त्या स्कॅनवरच ठरतं की जांघेतून जमेल की नाही. प्रोसिजर दुपारी, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चहा मागत होत्या. पण तिसऱ्या दिवशी ठोके मंद झाले आणि पेसमेकर बसवावा लागला. आम्हाला हे आधी सांगितलं होतं म्हणून हादरलो नाही. ज्यांना करायचंय त्यांनी पेसमेकरची शक्यता नक्की विचारून घ्या.

(जगभरात गाजलेलं उदाहरण म्हणजे मिक जॅगर. २०१९ मध्ये याच पद्धतीने वॉल्व्ह बदलला आणि थोड्याच आठवड्यांत आरशासमोर नाचतानाचा व्हिडिओ टाकला. सासूबाईंना दाखवला तर म्हणाल्या, मेल्याला काही काम नाही.)

छातीठोक:

सासूबाई खणखणीत आहेत. पेसमेकरचं कारण सांगून टाकतो: हृदयाची विजेची तार एऑर्टिक वॉल्व्हच्या अगदी खालून जाते. नवा वॉल्व्ह जुन्याला दाबून बसतो, तेव्हा तीही दाबली जाऊ शकते. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेतही हे होतं, टावीत जास्त.

दोनपाकळी: माझी टिकटिक

आयडीवरून कळलंच असेल. ३६ व्या वर्षी ऑफिसच्या मेडिकलमध्ये मर्मर सापडला, बायकस्पिड निघाला, चाळिशीच्या आत वॉल्व्ह बदलला. छाती उघडून, मेकॅनिकल. तरुणांना काय निवडायचं हा प्रश्न पडतो, म्हणून लिहितो.

जनावराच्या ऊतीचा वॉल्व्ह साधारण दहा ते पंधरा वर्षं टिकतो, आणि तरुणांत लवकर बाद होतो. मेकॅनिकल झिजत नाही, पण त्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आयुष्यभर रक्त पातळ करणारी गोळी. मी अॅसिट्रॉम घेतो. महिन्या-दोन महिन्यांनी आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी), माझं लक्ष्य दोन ते तीन. पालक-मेथी बंद नाही. रोज साधारण सारखीच खायची. एका आठवड्यात रोज मेथी आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असं केलं की आकडा नाचतो. दुखलं म्हणून मेडिकलमधून कुठलीही पेनकिलर घ्यायची नाही.

आणि रात्री शांत खोलीत टिकटिक ऐकू येते. पहिले काही महिने वेड लागायची पाळी, आता बंद पडली तर झोप मोडेल (तशीही मोडेलच म्हणा).

दुसरं असं की आमच्या डॉक्टरांनी धाकट्या भावाचा आणि मुलीचाही इको करायला लावला. भावालाही दोनच पाकळ्या निघाल्या, स्टेनोसिस नाही पण महाधमनी रुंद झालीय. त्याला जड वजनं उचलायची बंदी. अर्नोल्ड श्वार्झनेगरलाही हाच जन्मजात प्रकार, १९९७ मध्ये त्याची पहिली शस्त्रक्रिया झाली. जिमवाल्या मित्रांना हे उदाहरण लगेच पटतं.

कोकणकन्या:

बायकांनी मेकॅनिकल वॉल्व्ह घेतला आणि नंतर मूल हवं असेल तर?

भुलेश्वरी:

हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारायचा. रक्त पातळ करणारी ही गोळी पहिल्या तिमाहीत गर्भाला घातक ठरू शकते, आणि ती बंद केली तर वॉल्व्हवर गुठळी होण्याची भीती. मार्ग आहेत, पण सोपे नाहीत. म्हणून मूल हवं असलेल्या तरुणींमध्ये ऊतीचा वॉल्व्ह, पुढे परत बदलावा लागेल हे मान्य करून, पुष्कळदा निवडतात. लग्न ठरवताना लपवलं जातं आणि दिवस गेल्यावर आमच्याकडे येतात, तेव्हा सगळेच अडचणीत असतात.

मुळशीकर: पैशाचं बोला

सगळं ठीक, पण खर्च? वडिलांसाठी दोन ठिकाणी विचारलं. टावीचा आकडा साध्या शस्त्रक्रियेच्या तिप्पट-चौपट सांगितला. वडील ६८, बाकी तब्येत ठणठणीत. पैसे असलेल्यांना जांघेतून आणि आम्हाला छाती फाडून, असा न्याय आहे का?

छातीठोक:

खर्चाचं दुखणं खरं आहे, ते नाकारत नाही. पण ६८ ला शस्त्रक्रिया म्हणजे दुय्यम उपचार, हे मनातून काढा. अमेरिकेतली उपचारांची मार्गदर्शक सूत्रंही ६५ च्या आत शस्त्रक्रिया, ८० च्या पुढे टावी, आणि मधल्या वयात दोन्हींतून पेशंट बघून निवड असं सांगतात. वडिलांपुढे अजून वीस वर्षं असू शकतात. टावीचा वॉल्व्ह तेवढी वर्षं टिकतो का, याचा अनुभव अजून जमतोय. शस्त्रक्रियेचा अनुभव साठ वर्षांचा आहे. वॉल्व्ह बायकस्पिड असेल, मायट्रलही खराब असेल, बायपासही लागणार असेल, तर शस्त्रक्रियाच सहसा बरी.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत वॉल्व्ह बदलण्याची शस्त्रक्रिया बसते, कवच आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं आहे. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड घेऊन जा.

देशी वॉल्व्हचंही सांगतो, अभिमानाने. एकेकाळी सगळे मेकॅनिकल वॉल्व्ह आयात व्हायचे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने स्वतःचा वॉल्व्ह बनवायला घेतला. तीन नमुने फसले, चौथा जमला, आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा माणसात बसला. आजवर लाखाहून जास्त लोकांत बसलाय. टावीतही वापीच्या कंपनीचा मायव्हॅल हा वॉल्व्ह आहे, २०२४ च्या 'लँडमार्क' नावाच्या अभ्यासात तो परदेशी वॉल्व्हच्या तोडीचा ठरला. तरीही सामान्य घराला परवडेल अशा किमतीला आलेला नाही, हे मुळशीकरांचं म्हणणं शिल्लक राहतंच.

तळ्यातमळ्यात: रिपोर्ट जुळत नाही

काकांच्या रिपोर्टात वॉल्व्ह एरिया ०.८, पण मीन ग्रेडियंट फक्त २६. इएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं) ३०. एक डॉक्टर म्हणतात सिव्हिअर, दुसरे म्हणतात मॉडरेट. कोणाचं ऐकायचं?

छातीठोक:

हा या आजारातला सगळ्यात फसवा प्रकार. ग्रेडियंट तयार व्हायला मागून जोर लागतो. काकांचं हृदय थकलंय, जोरच नाही, म्हणून आकडा लहान दिसतो. इथे दोन शक्यता: वॉल्व्ह खरोखर सिव्हिअर आहे आणि त्यानेच हृदय थकवलं, किंवा हृदय दुसऱ्याच कारणाने थकलंय आणि मॉडरेट वॉल्व्ह नीट उघडत नाही इतकंच. डोब्युटामिन देऊन हृदयाला थोडा जोर आणून परत इको करतात, त्यात बहुधा उलगडा होतो. नाहीतर साधा, रंगद्रव्य न देता केलेला सीटी, आणि वॉल्व्हवरचं कॅल्शियम मोजायचं. पुरुषांत आकडा २००० च्या वर, बायकांत १२०० च्या वर असेल तर सिव्हिअर असण्याची शक्यता दाट. दोन्ही डॉक्टरांना हे विचारा, भांडण मिटेल. स्टेथोस्कोपवरही अशा वेळी मर्मर मऊ होतो. आवाज कमी झाला म्हणून खूश व्हायचं नसतं.

कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन वॉल्व्हचं आकसणं थांबतं का, असं व्यक्तिगत निरोपातून दोघांनी विचारलं. आशा खूप होती, कारण पाकळीत चरबीच सुरुवात करते. २००५ ते २०१० मध्ये तीन मोठे अभ्यास झाले, तिन्हींत नाही असंच उत्तर आलं. हृदयाच्या धमन्यांसाठी ती गोळी दिली असेल तर घेत राहा, वॉल्व्हसाठी म्हणून नको.

अबोली_म्हापसा: आज्जीचं हिमोग्लोबिन

आमच्या आज्जीला सिव्हिअर आहे, ऑपरेशनला नको म्हणते. पण तिचं हिमोग्लोबिन सारखं सातवर येतं. रक्त चढवतात, परत उतरतं. दोनदा दुर्बीण घातली, काही सापडलं नाही. वॉल्व्हचा याच्याशी संबंध असू शकतो का हो? आमच्या डॉक्टरांनी तसं ओझरतं म्हटलं.

छातीठोक:

असू शकतो, आणि तुमच्या डॉक्टरांना दाद द्यायला हवी. १९५८ मध्ये हाइड नावाच्या डॉक्टरने पत्र लिहून हे नोंदवलं होतं: एऑर्टिक स्टेनोसिसच्या वृद्धांत आतड्यातून रक्तस्राव. कारण कळायला पुढे काही दशकं गेली. रक्त थांबवणारं एक लांबच लांब प्रथिन असतं, ते अरुंद झडपेतून जाताना ताणलं जातं आणि तुटतं. त्यात आतड्यातल्या नाजूक फुगीर केशवाहिन्या असल्या की त्या पाझरत राहतात. दुर्बिणीला त्या सहज दिसत नाहीत. वॉल्व्ह बदलला की ते प्रथिन सुधारतं आणि बहुतेकांचा रक्तस्रावही थांबतो. तेव्हा आज्जीला 'हृदयासाठी ऑपरेशन' नको असेल तर 'सारखं रक्त चढवायला जावं लागू नये म्हणून' असं विचारून बघा. आणि शस्त्रक्रिया नको असेल तर टावी होईल का हे विचारा. तसंच लोहाची कमतरता भरून काढा, तेवढ्यानेही दम कमी होतो.

इंजिनिअर_वाईचा: बिनलक्षणी लोकांचं काय?

मूळ लेखात तुम्ही लक्षणांवर जोर दिलाय. पण सिव्हिअर आहे आणि लक्षणं खरोखर नाहीत, तर वाट बघायची की आधीच करून टाकायचं? आणि 'खरोखर नाहीत' हे ठरवायचं कसं?

छातीठोक:

ठरवायला ट्रेडमिल टेस्ट. लक्षणं असलेल्या सिव्हिअर पेशंटला ती करायची नाही, धोका आहे. लक्षणं नाहीत म्हणणाऱ्याला मात्र हृदयतज्ज्ञाने शेजारी उभं राहून, बीपी बघत करायची. 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पट्ट्यावर चढवलं की दम लागतो, किंवा चालताना बीपी वाढायचा तो उतरतो. त्यांना मग लक्षणं आहेतच असं धरायचं.

टेस्टही पास झाली तर? आतापर्यंत उत्तर होतं: थांबा, सहा महिन्यांनी या. इएफ पन्नासच्या खाली गेली किंवा वेग पाचच्या वर असेल तर मात्र थांबू नका. २०२४ मध्ये अर्ली टावर नावाचा अभ्यास आला. ६५ च्या पुढचे, सिव्हिअर, लक्षणं नसलेले नऊशे पेशंट. निम्म्यांना लगेच टावी, निम्मे देखरेखीखाली. मृत्यू, पक्षाघात किंवा अचानक हृदयासाठी दवाखान्यात भरती, यांपैकी काहीतरी लगेच केलेल्यांत २७ टक्क्यांना झालं, थांबलेल्यांत ४५ टक्क्यांना. फरक मुख्यतः भरती होण्यातला होता, मृत्यूंत ठळक फरक नव्हता, म्हणून अजून वाद आहे. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: देखरेखीखाली ठेवलेल्यांपैकी ८७ टक्क्यांना चारेक वर्षांत वॉल्व्ह बदलावाच लागला.

माझं मत विचाराल तर, ज्या घरात दर सहा महिन्यांनी इकोला आणणारं कुणी आहे तिथे थांबायला हरकत नाही. ज्यांचा मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरात आणि गावात फक्त दोघं म्हातारी माणसं, तिथे मी आता थांबा म्हणत नाही.

इंजिनिअर_वाईचा:

आई-बाबा वाईत दोघंच असतात, मी हिंजवडीत. बाबांचा वेग ४.३. पुढच्या शनिवारी जातोय, आईशीच आधी बोलतो.

भुलेश्वरी:

जाताय तर बाबांना दातांच्या डॉक्टरकडेही दाखवून घ्या. वॉल्व्ह बदलण्याआधी किडके दात, पू झालेल्या हिरड्या नीट करून घ्यायच्या असतात. नव्या वॉल्व्हला तोंडातले जंतू चिकटले तर तो आजार फार वाईट. वॉल्व्ह बसल्यावर दात काढताना आधी अँटिबायोटिकचा डोस लागतो, म्हणून वॉल्व्हचं कार्ड कायम पाकिटात ठेवायला सांगा.